मेमरी कार्डाची डबी

२०२४ च्या जूनमध्ये कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भाच्याबरोबर उभा होतो. त्याचा दहावीचा निकाल लागला होता, आणि आदल्या गणपतीत भर पंगतीत मी शब्द देऊन बसलो होतो. काचेच्या कपाटात प्लेस्टेशन ५ चे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या सोनीच्या मशीनचे, दोन खोके शेजारी शेजारी. एकावर ५४,९९० ची चिठ्ठी, दुसऱ्यावर ४४,९९० ची. भाचा माझा खिसा ओळखून आहे. म्हणाला, "मामा, डिजिटलवालाच घेऊया. डिस्क आता कोण घालतंय?"

मशीन दोन्हीकडं तेच. आतली चिप तीच, रिमोट तोच. एकाला डिस्क घालायची फट आहे, दुसऱ्याला नाही. त्या फटीचे दहा हजार.

मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात लोकांचे हिशेब लिहितो. ५४,९९० बघितल्या बघितल्या त्यातले बारा हजार २८ टक्के जीएसटीचे, हे मनात आपोआप वेगळं झालं. पण हा दहा हजारांचा गोल फरक काही पचेना. डिस्क वाचायचा ड्राइव्ह दहा हजारांचा नसतो. मला ते ठाऊक आहे, कारण आयुष्यातली चार वर्षं मी तसल्या ड्राइव्हच्या लेन्सा कापसाच्या बोळ्यानं पुसण्यात घालवली आहेत. भाच्याला म्हटलं, "उद्या येऊ." त्याचं तोंड उतरलं. वडापाव खाल्ला, घरी आलो, आणि रात्री माळ्यावर चढलो.

माळ्यावर काय होतं ते सांगायचं तर आधी मामाच्या गाळ्याबद्दल सांगायला हवं.

माझ्या मामाचं गेम पार्लर होतं. त्याच राजारामपुरीत, मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत, एका टेलरनं सोडलेल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात. भिंतीवर शर्टांच्या मापाचे खडूचे आकडे शेवटपर्यंत होते. आधी कॅसेट घालायचे जपानी नकलेचे टीव्ही गेम होते, '९९९९ इन १' वाले, ज्यात मोजून वीस-पंचवीस गेम असायचे आणि बाकी सगळी त्यांचीच पिलावळ. मग दोन प्लेस्टेशन आले. त्यातल्या एकाची लेन्स दमलेली होती, ते आम्ही उलटं ठेवून चालवायचो. नवं गिऱ्हाईक विचारायचंच, "हे असं का?" मामा सांगायचा, "त्याची झोपायची सवय तशी आहे." २००४ मध्ये मुंबईहून प्लेस्टेशन २ आला, चिप टाकलेला. चिप टाकलेला म्हणजे कॉपी केलेल्या डिस्क खाणारा. ओरिजनल डिस्क त्या गाळ्यात मी एकदाही बघितली नाही.

दर होता तासाला दहा रुपये, पीएस टूला वीस. मी अकरावी-बारावीत, कॉलेज सुटलं की गल्ल्यावर. एका दोनशे पानी वहीत नाव, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ लिहायची. लोडशेडिंगचे दिवस होते. वीस मिनिटं झाली आणि वीज गेली, तर उरलेली चाळीस मिनिटं 'येणे'. माझ्या आयुष्यातला पहिला ताळेबंद म्हणजे ती वही. नऊ पोरांची मिळून सव्वापाच तासांची बाकी एकदा एका पावसाळ्यात जमली होती, आणि वीज आल्यावर सगळी एकदम वसुलीला आली होती.

धंद्याचं गणित तेव्हा मला इतकंच कळायचं: मशीनची किंमत भागिले वीस रुपये. पण ज्या कंपनीनं ते मशीन बनवलं, तिचं गणित मात्र पार वेगळं चालतं, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ते गणित एका शब्दात समजतं: उचल. हंगामाच्या आधी ऊसतोडीच्या मुकादमाला उचल द्यायची आणि ती हंगामभर तोडीतून फेडून घ्यायची. कन्सोल, म्हणजे ही गेमची मशीनं, बनवणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकाला अशीच उचल देतात. खोका तोट्यात विकायचा, नाहीतर फार तर बरोबरीत, आणि पुढं पाच-सात वर्षं प्रत्येक गेममागं ती फेडून घ्यायची. गेम दुसऱ्यानं बनवला तरी कंपनीच्या मशीनवर चालवायचा तर त्यानं कंपनीला रॉयल्टी द्यायची. २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांचा खटला चालला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं, की एक्सबॉक्सच्या नुसत्या मशीनवर कंपनीनं कधीही नफा कमावलेला नाही. २००१ पासून एकदाही नाही. ते वाचून मला मामाची आठवण झाली होती. मामा बिचारा वीस रुपये तासानं मशीनचे पैसे वसूल करत होता, आणि तिकडं बनवणाऱ्यालाच ते वसूल करायचे नव्हते.

उचल घेऊन टोळी पळाल्याच्या बातम्या आपल्याकडं दर हंगामात येतात. (तिथं न फिटलेली उचल कुणाच्या पाठीवर बसते, हा वेगळा आणि फार कडू विषय आहे.) चिप टाकलेलं मशीन घेणारे आम्ही म्हणजे ती पळालेली टोळी. खोका घेतला, गेमचा एक पैसा कंपनीला पोचू दिला नाही. भारतात कन्सोलवाल्यांचा जम इतकी वर्षं का बसला नाही याची कारणं सांगताना लोक जकात सांगतात, भाषा सांगतात, घरात एकच टीव्ही आणि त्यावर आईची मालिका हे सांगतात. सगळं खरं. पण आमच्या शंभर रुपयांच्या डिस्क मोजल्याशिवाय तो हिशेब जुळत नाही.

उचल न देता धंदा करून बघितलेला एक माणूस होता, ट्रिप हॉकिन्स. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा संस्थापक. १९९३ मध्ये त्यानं थ्रीडीओ नावाचं मशीन आणलं. डोकं लढवलं होतं: आपण मशीन बनवायचंच नाही, फक्त नकाशा द्यायचा, पॅनासोनिकसारख्यांनी ते बनवायचं, आणि प्रत्येक गेममागं तीन डॉलर आपल्याला यायचे. गेम बनवणाऱ्यांना हे स्वस्त पडत होतं, ते खूश. पण पॅनासोनिकनं काय खायचं? गेमच्या उत्पन्नात तिचा वाटाच नाही, म्हणजे नफा खोक्यातच काढायला हवा. खोक्याची किंमत लागली ६९९ डॉलर. फेडून घेणारा एक आणि उचल देणारा दुसरा, असं असलं की उचल कोण देणार? दोन-तीन वर्षांत प्रकरण आटोपलं.

आणि ज्यांना उचल द्यायची हिंमत होती त्यांचा तो प्रसिद्ध प्रसंग, मे १९९५, लॉस एंजेलिसमधलं गेमचं प्रदर्शन. सेगा या जपानी कंपनीनं व्यासपीठावरून सॅटर्न हे मशीन जाहीर केलं: ३९९ डॉलर, आणि आजपासूनच दुकानात. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस उठले, माइकपाशी गेले, "२९९" एवढंच म्हणाले आणि खाली येऊन बसले. पहिलं प्लेस्टेशन पुढं दहा कोटींच्या वर खपलं. सॅटर्न कोटभरसुद्धा नाही. ही गोष्ट सांगणारे लोक त्या शंभर डॉलरच्या फरकावर थांबतात. मीही बरीच वर्षं थांबायचो, कारण ऐकायला ती झकास आहे. पण सेगाकडं त्या दिवशी दुसरीही चूक होती. मशीन चार महिने आधी आणायच्या घाईत काही मोजक्याच दुकानदारांना माल दिला, बाकीचे रुसले, आणि गेम बनवणाऱ्यांचे गेम तर तयारच नव्हते. नुसता दर पाडून कुणी जिंकत नाही, हे मला लॉस एंजेलिसवरून कळलं नाही. ते सायबर चौकाकडच्या एका नव्या पार्लरवरून कळलं.

त्या पार्लरनं पीएस टूचा दर लावला तासाला दहा रुपये. आमच्या निम्मा. वर पंखा नवा आणि खुर्च्या गादीच्या. आठवडाभर आमच्या गाळ्यात शुकशुकाट. मी मामाला म्हटलं, आपणही दहा करू. मामा टीव्हीवर कसलातरी सिनेमा बघत होता (पीएस टूवर डीव्हीडी लागायची, ते त्याला गेमपेक्षा जास्त आवडायचं). म्हणाला, "कशाला? त्यांची कार्डं हितं हाईत न्हवं."

कार्डं म्हणजे मेमरी कार्डं. आठ एमबीची, आगपेटीपेक्षा चपटी. गेम जिथवर आला तिथवरचा त्यात साठतो. मामानं काउंटरखाली शिलाईच्या रिळांची जुनी प्लास्टिकची डबी ठेवली होती, तिच्या कप्प्यांत पोरांची कार्डं असायची. पन्नास रुपये अनामत घेऊन कार्ड द्यायचं, पण घरी न्यायचं नाही. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीवर स्केचपेननं नाव.

आता बाहेरगावच्या वाचकाला इथं थोडं सांगावं लागेल. कोल्हापूर कुस्तीचं म्हणून ओळखतात, पण पेठेतल्या पोराचं रक्त फुटबॉलचं असतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींच्या संघांची मॅच असली की निम्मं गाव तिथं आणि उरलेलं निम्मं त्या मॅचबद्दल बोलत असतं. आमच्याकडं सगळ्यात चालणारा गेम जपानी फुटबॉलचा होता, आणि त्यात संघ बदलायची सोय होती. नावं, जर्सीचे रंग, खेळाडूंची उंची, केस, कुठल्या पायानं मारतो, सगळं. पोरांनी कुठल्या कुठल्या युरोपातल्या संघांना पुसून तिथं आपली तालीम बसवली होती. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस. एकानं तर अकराच्या अकरा खेळाडू खरे घातले होते, गोलकीपर टकला होता तर टकला. इंग्रजी अक्षरं रिमोटनं एकेक निवडत हे करायचं. एकेका संघाला पाच-सहा तास जायचे, म्हणजे आमच्या भाषेत शंभर-सव्वाशे रुपये.

ते सगळं आमच्या डबीत होतं. दहा रुपयांच्या पार्लरमध्ये गादीच्या खुर्चीवर बसून पोरांना पुन्हा युरोपातल्या संघाकडून खेळायला लागायचं. नवव्या-दहाव्या दिवसापासून ती परतायला लागली. दर तोच, वीस. मामानं एक शब्द काढला नाही, फक्त पंखा तेवढा दुरुस्त करून घेतला.

मला तेव्हा मामाच्या डोक्याचं भयंकर कौतुक वाटलं होतं. ते अजूनही थोडं आहे, पण त्यात एक खडा आहे.

पाटाकडीलचा तो टकल्या गोलकीपरवाला संघ करणारा पोरगा बारावीनंतर पुण्याला निघाला. त्याच्या चुलतभावाकडं पीएस टू होता. तो कार्ड मागायला आला. मामा नव्हता, गल्ल्यावर मी. कार्ड दुकानाचं, हे ठरलेलं होतं. म्हणाला, "मग कॉपी तरी करून दे की. मी माझं कार्ड आणलंय." कॉपी होत होती. मशीन चालू करायचं, मेमरी कार्डाच्या पानावर जायचं, दोन्ही कार्डं दोन फटींत, दोन बटणं दाबायची. मिनिटाचं काम. मी म्हणालो, "तसं होत नाही त्यात." का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. गिऱ्हाईक तर जाणारच होतं. कदाचित त्याचं बघून बाकीचे मागतील, असं डोक्यात आलं असेल. तो "असू दे" म्हणाला आणि गेला. त्यानंतर भेटला नाही.

पीएस थ्रीच्या वेळी सोनीला वाटलं, की आता आपली डबी भरलेली आहे, दर काहीही लावला तरी पोरं येतील. २००६ मध्ये किंमत जाहीर झाली ४९९ आणि ५९९ डॉलर. आतला ब्लू-रे ड्राइव्ह आणि सेल नावाची चिप इतकी महाग, की बाहेरच्या जाणकारांनी सुटे भाग मोजले तर मोठ्या मॉडेलचा खर्च आठशे डॉलरच्या पुढं निघाला. म्हणजे महाग विकून वर तोटा. केन कुतारागी, ज्यांना प्लेस्टेशनचे जनक म्हणतात, ते बोलून गेले होते, की लोकांना वाटायला हवं, जास्त तास काम करू पण हे घेऊ. २००७ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडं आला ३९,९९० ला. मामानं वर्तमानपत्रातली जाहिरात बघून आकडे मोठ्यानं वाचले आणि पेपर घडी घालून ठेवला. वीस रुपये तासानं ते दोन हजार तास. हे मी नाही, त्यानंच तोंडी केलं.

आणि गंमत बघा, खर्च कमी करायला सोनीनं नेमकं काय कापलं? जुने पीएस टूचे गेम चालवायची सोय. २००७ च्या शेवटच्या मॉडेलपासून ती गेली. जुनी मेमरी कार्डं जोडायला वेगळा ॲडॉप्टर विकत मिळायचा, पण कार्डातला खेळ चालवणार कुठं? स्वतःच्याच हातानं डबी रस्त्यावर ओतली. पीएस टू पंधरा कोटींच्या वर खपला होता, थ्री नऊ कोटींच्या आत राहिला. तेच मशीन २००९ मध्ये बारीक करून २९९ ला आणलं, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

निन्टेन्डोनं २०११ मध्ये उलटं पाप केलं. हातात धरून खेळायचा थ्रीडीएस जपानात २५,००० येनला आणला आणि खपेना म्हणून सहा महिन्यांच्या आत १५,००० वर आणला. आधी घेतलेल्यांना मूर्ख ठरवल्यासारखं. मग त्यांना जुने वीस गेम फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. मला हा माणूस आवडतो. त्या वीस गेमकडं मी अनामत परत केल्यासारखं बघतो.

पण कंपन्यांनी खरी डबी ओळखली ती २०१३ नंतर. पीएस फोर ३९९, एक्सबॉक्स वन ४९९, कारण त्याच्याबरोबर कॅमेरा गळ्यात बांधला होता. पुन्हा तेच शंभर डॉलर. वर्षभरात कॅमेरा काढून किंमत बरोबरीला आणली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. याच पिढीत लोकांनी डिस्कऐवजी गेम डाउनलोड करून घ्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी एका मुलाखतीत कबूल केलं, की हरायला सगळ्यात वाईट पिढी हीच होती, कारण याच काळात लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी उभी केली. म्हणजे पुढं कितीही चांगलं मशीन आणा, कितीही दर पाडा, पोरांची कार्डं तिकडच्या डबीत.

एवढं डोक्यात घेऊन मी दहा हजारांकडं परत आलो. फट नसलेलं मशीन घेतलं की गेम मिळणार फक्त कंपनीच्या दुकानातून. तिथं प्रत्येक विक्रीमागं साधारण तीस टक्के तिचे. तो गेम मित्राला देता येत नाही, पुन्हा विकता येत नाही, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर नेता येत नाही. लक्ष्मीपुरीतल्या माझ्या ओळखीच्या दुकानदाराकडं वापरलेल्या डिस्कची थप्पी असते. तो फट असलेल्याच मशीनवर जगतो. दहा हजारांची सूट ही उचलच आहे, आणि यावेळी टोळी पळून जाऊ शकत नाही अशा बेतानं दिलेली.

एक गोष्ट मात्र जुन्या गणितात बसत नाही. पीएस टू २००० मध्ये २९९ डॉलरला होता, २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९, २००९ मध्ये ९९. दोन मोठ्या चिपा एकीत बसल्या, खर्च उतरला, दर उतरला. थांबणाऱ्याला स्वस्त मिळायचं, आणि आमच्यासारखी गावं थांबणाऱ्यांचीच. हा पाचवा मात्र भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तो ४९,९९० ला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ५४,९९० झाला. जुना होतोय आणि चढतोय. चिपा पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत, येन आणि रुपया दोघंही डॉलरपुढं वाकलेत, ही कारणं मला पटतात. पण एक कारण मी स्वतःच जोडतो: डबी भरलेली असताना दर पाडायची गरज कुणाला असते?

माळ्यावर ती रिळांची डबी सापडली. गाळा २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा मशीनं विकली, डबी माझ्याकडं राहिली. तेवीस कार्डं. चिकटपट्ट्या पिवळ्या, दोन-तीन गळून पडलेल्या. टकल्या गोलकीपरवाल्या पोराची मात्र होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाकडं गेलो. तो आता सत्तरीत आहे, गुडघे धरलेत. डबी पुढं ठेवली आणि पुण्याला गेलेल्या पोराची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. मामा कार्ड उलटसुलट करत बसला. म्हणाला, "कॉपी हुत हुती की रं." मी म्हटलं, माहीत होतं. "मग द्यायची न्हाईस. मी कुठं नको म्हटलं असतं." मग दोन्ही मशीनच्या किमती सांगितल्या. फट, दहा हजार, सगळं. त्यानं चष्मा काढला. "पोरगं कुठलं मागतंय?" फट नसलेलं, मी म्हटलं. "आणि तू दुसरं घेऊन देणार." मी हो म्हटलं. "दे बाबा. तुझं पैसं."

संध्याकाळी ५४,९९० मोजले. खोका ॲक्टिव्हाच्या पायाजवळ उभा बसेना, भाच्यानं मागं कवेत धरला. घरी ताईनं त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडायचा राहिला. पहिला तासभर तर अपडेटच उतरत होतं. मग खातं उघडायचं पान आलं. नियम आणि अटी आल्या, त्या त्यानं एका दमात खाली ढकलल्या आणि मान्य केल्या. मी म्हटलं, "वाच की." तो हसला.

"मामा, नाव काय देऊ खात्याला?"

मी सुचवलं. त्यानं रिमोटनं एकेक इंग्रजी अक्षर निवडलं, पाटाकडील. पडद्यावर आलं, की हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं आहे.